इंजेक्टरच्या ओरिंगा बदलताय? रेल उपसायच्या आधी हे वाचा

या उन्हाळ्यात परभणीत एकट्या माझ्या दारात तीन जुन्या गाड्या येऊन थांबल्या, दोन मारुती एस्टीम आणि एक झेन, तिन्हीच्या इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणारं तोंड) ओरिंगा, म्हणजे त्यावरच्या गोल रबरी रिंगा, नुकत्याच बदललेल्या आणि तिन्हीला पेट्रोलचा वास. एकीत जुन्या रिंगीचा तुकडा भोकात तसाच राहिला होता, दुसरीत वरची रिंग खाली अन् खालची वर, तिसरीत तर रिंगीला काळं सिलिकॉन फासलेलं. काम अवघड नाही हो, चार इंजेक्टर अन् आठ रिंगा, सकाळी लवकर बसलं तर जेवणाच्या आत हातावेगळं होतं. पण लोक क्रमच उलटा करतात, आधी उपसतात मग पुसतात, आधी सेल्फ मारतात मग लीकेज शोधतात.

मी लिहितोय ते माझ्या २००० सालच्या एस्टीम एमपीएफआयवरून (एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), १२९८ सीसीचं इंजिन. झेन, ८००, सिएलो अशा त्या काळच्या पेट्रोल एमपीएफआय गाड्यांना मुद्दे तेच, बोल्ट आणि क्लिपांच्या जागा तेवढ्या वेगळ्या, आणि ८०० तीन सिलिंडरची म्हणून तिथं तीनच इंजेक्टर अन् सहा रिंगा. डिझेलवाल्यांनी मात्र हे वापरू नका, तिथं तांब्याचे वायसर असतात आणि प्रेशरही भलतंच.

१. नेमकी कोणती रिंग गेलीय ते आधी ठरवा

प्रत्येक इंजेक्टरला दोन रबर असतात. वरची ओरिंग रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी) भोकात बसते, तिच्यावर पेट्रोलचं पूर्ण प्रेशर येतं, साधारण अडीच ते तीन बार. ती गेली की पेट्रोल बाहेर झिरपतं. खालचं रबर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणारा पाइप) बाजूला, तिथं व्हॅक्यूम असतो, म्हणून ते गेलं तर काहीच बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. लोक वास नाही म्हणून रिंगा चांगल्या समजतात अन् महिनाभर प्लग बदलत बसतात.

वरची गेली असेल तर सकाळी बॉनेट उघडल्या उघडल्या वास येतो, इंजेक्टरच्या मानेवर तपकिरी चिकट डाग दिसतो, कधी कधी गरम गाडी थोडा वेळ उभी राहिली की सेल्फ लांबतो. खालची गेली तर आयडलिंग खालीवर, सिग्नलला मिसिंग, रेस दिली की ठीक.

खालची तपासायला घरात झाडांवर मारायचा पाण्याचा स्प्रे असतो ना, तो घ्या. इंजिन नुकतं चालू केलेलं, गार असतानाच, इंजेक्टरच्या बुडाशी एकेका ठिकाणी पाण्याचा बारीक फवारा मारायचा. ज्या जागी मारल्यावर इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो तिथं हवा ओढतेय. कॉइल अन् प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नका. हेच काम कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा पेट घेणारा स्प्रे) मारून करणारे खूप आहेत, गरम एक्झॉस्टजवळ ते करणं म्हणजे घरात फटाके फोडणं, मी करत नाही.

तपासा: रेलच्या टोकाला जो प्रेशर रेग्युलेटर आहे त्याची बारीक व्हॅक्यूम नळी काढून आत बघा. नळीत पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, रिंगा कितीही बदला वास जाणार नाही. तसंच इंजेक्टरच स्वतःच्या तोंडातून थेंब थेंब गळत असेल तर त्यालाही रिंग हा इलाज नाही.

२. सामान गोळा करा, आणि रिंगांच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दुकानात तुम्ही जुनी रिंग दाखवता, दुकानदार डब्यातून तिच्या मापाची एक काढून देतो, तुम्ही खूश. पण जुनी रिंग पंचवीस वर्षं पेट्रोलात भिजून फुगलेली नाहीतर आवळलेली असते, तिचं माप खरं नसतंच. माप घ्यायचं ते इंजेक्टरवरच्या खाचेचं आणि रेलच्या भोकाचं, व्हर्निअर लावून. त्यापेक्षा सोपं म्हणजे गाडीच्या पार्ट नंबरनं कंपनीचा सेट मागवा, उगाच चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

दुसरी गोष्ट रबराची जात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या डब्यातली रिंग दिसायला अगदी तशीच असते, आपल्याकडं गल्लोगल्ली तीच मिळते, पण ती साध्या नायट्राइल रबराची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय आणि आपल्या गाड्या बनल्या तेव्हा हा हिशोबच नव्हता. साधं नायट्राइल इथेनॉलमध्ये फुगतं, गाडी महिनाभर उभी राहून सुकलं की आकसतं, मग भेगा पडतात. म्हणून मागताना स्पष्ट ‘व्हायटॉनची पाहिजे’ म्हणा, ते इथेनॉलचं पेट्रोल सोसणारं रबर. तपकिरी किंवा हिरवी असली म्हणजे व्हायटॉनच असं काही नाही हं, व्हायटॉन काळीही येते, रंगावर जाऊ नका, पाकीट वाचा.

आठही रिंगा एकदम बदलायच्या. ‘तिसऱ्या नंबरचीच गळतेय, तेवढीच बदलतो’ असं करणाऱ्यानं तीन महिन्यांनी पुन्हा रेल काढायची तयारी ठेवावी. दोन रिंगा जास्तीच्या आणा, एक तरी बसवताना कापली जातेच. रेलच्या बोल्टांखाली जे जाड इन्सुलेटर किंवा स्पेसर असतात ते तडकलेले असतील तर तेही. पेट्रोलची लाइन बॅन्जो बोल्टनं (आतून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) जोडलेली असेल तर त्याचे दोन्ही बाजूंचे वायसर नवे. रबरी पाइप कडक झाला असेल तर इंजेक्शन गाडीचाच घ्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप एवढं प्रेशर सहन करत नाही.

बाकी हत्यारं सगळ्यांकडं असतात: गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, १० नंबरचा पाना, पक्कड, मल्टिमीटर, रंगाचा जुना ब्रश, धागे न सुटणारं सुती फडकं, मास्किंग टेप, दात कोरायच्या लाकडी काड्या. काड्या विसरू नका, पुढं लागतात.

३. जागा आणि वेळ

मे महिन्यात इथं पारा ४२ च्या पुढं जातो, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलची लाइन उघडू नका. पेट्रोल उणे ४० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या दुपारचं काय सांगावं. गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी सहाला उघड्यावर सावलीत काम चालू करा. बिडी-सिगरेट, कासव छाप, जवळपासचं वेल्डिंग, सगळं बंद. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या, वायरीचा पिवळा बल्ब नको, फुटला तर तिथंच ठिणगी.

सावधान: पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, निदान वाळूची बादली तरी.

४. प्रेशर उतरवा

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर बघून पेट्रोल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा. टाकीचं झाकण उघडून ठेवा. गाडी न्यूट्रलला घालून चालू करा, काही सेकंदांत ती आपोआप बंद पडेल, मग दोन-तीन वेळा थोडा थोडा सेल्फ मारा. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

हे करूनही लाइनमध्ये थोडं पेट्रोल राहतंच, म्हणून पहिला जोड सैल करताना भोवती फडकं गुंडाळून हळूहळू. डोळ्याला चष्मा असू द्या.

५. उपसायच्या आधी स्वच्छ करा

हीच पायरी सगळे गाळतात.

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि इंजेक्टरच्या बुडाभोवती तेलाच्या वाफेत भिजून तिचा लगदा बसलेला असतो. तुम्ही इंजेक्टर वर ओढला की तो लगदा सरळ भोकात पडतो, तिथून व्हॉल्व्हवर. रेलच्या तोंडात गेला तर त्याहून वाईट, पुढच्या खेपेला इंजेक्टरच चोक.

आधी ब्रशनं कोरडी धूळ झटका, मग ब्रशला थोडा कार्ब क्लीनर लावून प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी गोल फिरवा, फडक्यानं टिपा, शेवटी कॉम्प्रेसरची हवा हळू. हवा मारताना नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला. पाण्याचं प्रेशर वॉशिंग अजिबात नको. मला याला पाऊण तास लागतो, उपसायला वीस मिनिटं.

तपासा: पांढरा कागदी रुमाल इंजेक्टरच्या बुडाभोवती फिरवा. काळा निघाला तर अजून एक फेरी.

६. रेल काढणं

मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. इंजेक्टरला आणि त्याच्या कपलरला (वायरीचा प्लास्टिकचा जोड) टेपचे नंबर लावा, १ ते ४. ‘लक्षात राहतं’ असं म्हणणारा मीही होतो.

कपलर काढताना वायर ओढायची नाही. काहींना तारेची क्लिप असते, काहींना दाबायची जीभ. पंचवीस वर्षांत इंजिनच्या गरमीनं ते प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं, अंगठ्यानं दाबून कपलर हलवत हलवत काढा. मग रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी, टाकीकडं परत जाणारा रिटर्न पाइप, पेट्रोल आणणारी मेन लाइन. उघडी तोंडं लगेच टेपनं बंद.

रेलचे बोल्ट एकदम एक पूर्ण न काढता थोडे थोडे आलटून पालटून सैल करा. रेल दोन्ही हातांनी धरून सरळ वर, किंचित डोलवत. इंजेक्टर रेलसोबतच आले तर उत्तम, एखादा खाली मॅनिफोल्डमध्ये राहिला तर हातानं धरून थोडा फिरवत ओढा. अडकलाच तर गंज सोडवायचा स्प्रे चार थेंब, अर्धा तास चहापाणी, मग पुन्हा.

सावधान: रेलखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेल वाकते, नाहीतर इंजेक्टरची मान तुटते. जुन्या गाडीचा इंजेक्टर जोडीचा मिळत नाही बघा.

आता रिंगा मोजा. वरच्या चार, खालच्या चार. एक कमी भरली तर ती भोकात आहे, टॉर्च मारून शोधा. माझ्या गाडीची तिसऱ्या नंबरची खालची रिंग लाकडी काडी टेकवल्या टेकवल्या कुरडई मोडावी तशी कट्‌कन तुटली आणि अर्धा तुकडा घरंगळत भोकाच्या काठावर जाऊन थांबला, अजून एक बोट पुढं गेला असता तर मॅनिफोल्ड खोलायची वेळ होती. तेव्हापासून इंजेक्टर निघाला की भोकावर लगेच टेप. कापडाचा बोळा नको, त्याचे धागे आत सुटतात.

७. जुन्या रिंगा काढा, इंजेक्टर पुसा

इथं लाकडी काड्या. सुई, चाकू, ब्लेड नको, खाचेत ओरखडा पडला की नवी रिंगही तिथूनच गळणार. रिंग कडक झाली असेल तर पक्कडीनं तिलाच चिमटून तोडा, धातूला हात न लावता.

इंजेक्टरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी असते, तिला धक्का लावू नका. वरच्या तोंडातल्या बारीक जाळीला काडी घालू नका. अख्खा इंजेक्टर थिनरमध्ये बुडवून ठेवणारे महाभाग आहेत, आत कॉइल असते बाबांनो, ते दुखणं पुढं महागात पडतं. फडक्याला क्लीनर लावून बाहेरून पुसा, बस.

हातात आहेतच तर मल्टिमीटर लावून घ्या. या जातीचे इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहम दाखवतात आणि महत्त्वाचं म्हणजे चौघांचं जवळपास सारखं आलं पाहिजे. एकच भलतं दाखवत असेल तर मिसिंगचं कारण तोच असू शकतो. रेलची चारी भोकं टॉर्चनं बघा, गंज किंवा उभा ओरखडा दिसला तर रिंग तिथं टिकणार नाही.

८. नव्या रिंगा चढवा

हात धुवा, ग्रीसचे हात नकोत. वरची आणि खालची वेगवेगळ्या दोन ताटल्यांत ठेवा, दिसायला सारख्या असल्या तरी जाडी वेगळी असू शकते. रिंग इंजेक्टरवर सरकवताना पिळा पडू देऊ नका. चढवल्यावर तिच्या कडेची बारीक रेषा बघा, ती सरळ गोल फिरली पाहिजे, दोरखंडासारखी तिरकी गेली तर रिंग पिळली, काढून पुन्हा.

आता ओली करा. मी बोटानं स्वच्छ पेट्रोल लावतो, काही जण स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावतात, दोन्ही चालतं. ग्रीस नाही, फेविबाँड नाही, आणि सिलिकॉन तर मुळीच नाही. ते पेट्रोलात टिकत नाही, त्याचे तुकडे पुढं जाऊन इंजेक्टरच्या तोंडात बसतात आणि ऑक्सिजन सेन्सरही खराब होतो. रिंग बरोबर मापाची असेल तर तिला चिकटवायची गरज नसते, आणि मापाची नसेल तर चिकटवून उपयोग नाही.

ओलं करणं मी पहिल्या वेळी गाळलं होतं. कोरडीच रिंग दाबली, जरा जोर लागला, मला वाटलं बसली. सेलूचे आमचे दाजी मदतीला आलेले, त्यांना म्हटलं किल्ली फिरवा. पंपाचा घुर्रर्र आवाज आला आणि दुसऱ्या नंबरपाशी दोऱ्याएवढी बारीक धार उडून सरळ बॉनेटच्या पोटाला लागली. ‘दाजी, बंद करा, बंद करा!’ इंजिन गार होतं म्हणून निभावलं. काढून बघितलं तर रिंगीच्या कडेचा नखाएवढा कपटा रेलच्या काठानं सोलून निघालेला.

९. बसवणं आणि फिरवून बघणं

आधी चारी इंजेक्टर रेलमध्ये, मग रेल मॅनिफोल्डवर. अंगठ्यानं सरळ दाबत किंचित फिरवत, हाताला हलकं ‘टप्’ जाणवतं. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय. बोल्टांखालचे इन्सुलेटर आधी जागेवर ठेवा, नंतर आठवले तर सगळं परत काढावं लागतं.

चारी इंजेक्टर भोकांवर आणून रेल दोन्ही तळव्यांनी सारखी दाबा. बोल्ट आधी हातानं, मग आलटून पालटून थोडे थोडे. ॲल्युमिनियममधले आटे आहेत, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क, ‘अजून एक झटका’ नको.

तपासा: बोल्ट आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर दोन बोटांनी डावी-उजवीकडं फिरवा. मऊ पण जरा जड असा फिरला पाहिजे. अजिबात फिरत नसेल तर रिंग वाकडी बसलीय, रेल पुन्हा काढा. सुझुकीच्या मॅन्युअलमध्येही हीच तपासणी दिलीय, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत.

मग फोटो बघत कपलर नंबरप्रमाणे, व्हॅक्यूम नळी, रिटर्न, मेन लाइन नव्या वायसरसकट.

१०. चालू करायची घाई नको

पंपाचा रिले, टाकीचं झाकण, शेवटी बॅटरी. सेल्फ मारायचा नाही. दुसऱ्या माणसानं किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवायची, पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, किल्ली बंद, पुन्हा ऑन. असं चार वेळा. तुम्ही टॉर्च घेऊन रेलवर डोळा ठेवा. मग कागदी रुमालाचा कोपरा प्रत्येक इंजेक्टरच्या मानेखाली फिरवा, जोडांखालीही. दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा. रुमाल कोरडा निघाला तरच सेल्फ.

बॅटरी काढली होती म्हणून सुरुवातीला आयडलिंग थोडं इकडंतिकडं होईल, लगेच घाबरून स्क्रू फिरवायला जाऊ नका, थोडी चालवली की जागेवर येतं. नाहीच आलं तर पाण्याच्या स्प्रेची तपासणी पुन्हा.

पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, घरी येऊन बंद करा, वीस मिनिटांनी बॉनेट उघडा. बंद केल्यावर काही वेळ इंजिनची गरमी वर चढते आणि कच्ची बसलेली रिंग नेमकी तेव्हाच झिरपते. तिसरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी बॉनेट उघडून नुसता वास घ्यायचा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा रुमाल फिरवा, मात्र कोरडा आहे म्हणून ‘जाता जाता’ बोल्टांना पाना लावू नका.